२१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे, हे स्वतःच्या हाताने कसं पडताळायचं

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कशानेही निःशेष भाग जात नाही. संगणकाला विचारलंत तर तो क्षणात सांगेल. पण माझी सगळी नोकरी सोलापुरात लेखा विभागात झाली. दुसऱ्याने मारलेली बेरीज आपण स्वतः तपासल्याशिवाय तिच्याखाली सही करायची नाही, ही तिथली शिस्त निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. एवढी मोठी मूळ संख्या कागद-पेनाने तपासता येते, आणि ती तपासताना तिचे बहुतेक सगळे गुणधर्म आपोआप हाती येतात. म्हणून हे लिहिते आहे.

साहित्य फार नाही. आखीव फूलस्केप कागद, बारा अंकी कॅलक्युलेटर आणि लेखापरीक्षक टिक मारायला वापरतात ती लाल-निळी पेन्सिल. नववीपर्यंतचं गणित येत असलं की पुरे. हीच संख्या का, तर याहून बरीच लहान घेतली की युक्ती शिकायची गरजच पडत नाही, आणि बरीच मोठी घेतली की ती बारा घरांच्या कॅलक्युलेटरवर मावत नाही.

आधी संख्या मांडा आणि ताळा घ्या

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. पुढे मी घात २^३१ असा लिहीन आणि मोठ्या आकड्यांत स्वल्पविराम देणार नाही. घात स्वतः काढा, छापील आकडा उतरवून घेऊ नका. २^१० = १०२४ पाठ असतंच. १०२४ × १०२४ = १०४८५७६, हा २^२०. त्याला पुन्हा १०२४ ने गुणलं की २^३० = १०७३७४१८२४. दुप्पट केली, २१४७४८३६४८. एक वजा केला की आपली संख्या.

आता ताळा. नवाचा ताळा सगळ्यांना माहीत असतो. अंकांची बेरीज २+१+४+७+४+८+३+६+४+७ = ४६, म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी १. दुसऱ्या बाजूने पाहा: २^६ = ६४ ला ९ ने भागलं तर बाकी १, म्हणून २^३० ची बाकीही १, २^३१ ची २, आणि एक वजा केल्यावर १. ताळा जमला.

पण एवढ्यावर थांबू नका. लिहिताना दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले तर पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, त्यामुळे नवाच्या ताळ्याला ते कळतच नाही. ज्यांनी खतावण्या जुळवल्या आहेत त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून अकराचा ताळाही घ्या. उजवीकडून एकाआड एक अधिक-वजा करत जा: ७−४+६−३+८−४+७−४+१−२ = १२, म्हणजे ११ ने बाकी १. इकडे २^१० = १०२४ ची ११ ने बाकी १, म्हणून २^३१ ची २, वजा एक, १. आता या आकड्यावर पहिली निळी टिक मारायला हरकत नाही.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर ही संख्या म्हणजे ओळीने ३१ वेळा १. संगणकात ३२ घरांपैकी एक घर चिन्हासाठी ठेवलं की उरलेल्या ३१ घरांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशाच जागेत मोजतात. ही मोजणी १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. त्या अडचणीचा संख्या मूळ असण्याशी काही संबंध नाही, तिथे फक्त घरं संपतात. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात, म्हणून सांगितलं.

घात मूळ असणं आवश्यक, पण पुरेसं नाही

३१ ही स्वतः मूळ संख्या आहे, आणि तसं असावंच लागतं. घात संयुक्त असला की संख्या फुटलीच. २^३० − १ घ्या: ती (२^१५ − १) × (२^१५ + १), म्हणजे ३२७६७ × ३२७६९. पण घात मूळ असला म्हणून काम संपत नाही. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. हे उदाहरण जवळ ठेवा, पुढे पुष्कळ कामाला येईल.

कुठवर भागायचं

संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ विभाजक वर्गमूळापेक्षा मोठा नसतो. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आणि ४६३४१ चा २१४७४८८२८१. आपली संख्या या दोघांच्या मधली, म्हणून ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. त्या साधारण ४८०० आहेत. एका भागाकाराला दोन मिनिटं धरली तर १६० तास. असं कोणी करू नये, आणि करायची गरजही नाही. भाग घालायच्या आधी, कोणाकोणाचा भाग जाणं शक्यच नाही ते काढायचं. सगळी कला इथे आहे, म्हणून या भागावर मी वेळ घालवणार आहे.

पहिली चाळण: ६२

आधी २०४७ आणि २३ घेऊन बसा. २ चे घात करत जा आणि प्रत्येक वेळी २३ ने भागून फक्त बाकी लिहा: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला १ आला. पुढे पुन्हा २, ४, ८… हेच चक्र फिरत राहतं. चक्राची लांबी ११. आणि २३ − १ = २२ ला ११ ने भाग जातो. ८९ ची परीक्षा घ्या: ८९ − १ = ८८, त्यालाही ११ ने भाग जातो. हा योगायोग नाही.

समजा क ही एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. म्हणजे २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. बाक्यांच्या चक्रात ३१ व्या पायरीला १ आला आहे, तेव्हा चक्राच्या लांबीने ३१ ला निःशेष भाग गेला पाहिजे. ३१ मूळ, म्हणून लांबी १ तरी असेल किंवा ३१ तरी. १ असू शकत नाही, कारण पहिल्याच पायरीला बाकी २ आहे. म्हणून लांबी ३१. आता फर्माचा छोटा सिद्धान्त सांगतो की (क − १) व्या पायरीलाही बाकी १ च येते. म्हणजे क − १ ला ३१ ने भाग जातो. क विषम आहे, म्हणून क − १ सम. ३१ आणि २ दोन्हींचा भाग जातो, म्हणून ६२ चा जातो.

थोडक्यात, २१४७४८३६४७ ला भागू पाहणारी प्रत्येक मूळ संख्या ६२ च्या पटीत १ मिळवून होणाऱ्या संख्यांतलीच असणार. ३, ५, ७, ११, १३ यांना उंबऱ्यातूनच परत पाठवायचं.

दुसरी चाळण: ८

२^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे ६५५३६ चा वर्ग. म्हणजे असा एक वर्ग आहे ज्याला क ने भागलं तर बाकी नेमकी २ उरते. कुठल्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत असं घडतं? ७ घ्या: ३ चा वर्ग ९, बाकी २. १७ घ्या: ६ चा वर्ग ३६, बाकी २. २३ घ्या: ५ चा वर्ग २५, बाकी २. आता ३, ५, ११, १३ यांच्यासाठी प्रयत्न करून बघा, एकही वर्ग सापडणार नाही. नियम असा की ८ ने भागून १ किंवा ७ बाकी उरणाऱ्या मूळ संख्यांनाच हे जमतं. त्याची सिद्धता थोडी लांब आहे, ती इथे देत नाही. मुलांना मात्र आधी ५० पर्यंतच्या मूळ संख्यांवर हा खेळ करू द्या. नियम त्यांचा त्यांना दिसला की त्याची गोडी वेगळी असते.

आता दोन्ही चाळण्या एकत्र. ६२ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्या: ६३, १२५, १८७, २४९. त्यांच्या ८ ने बाक्या अनुक्रमे ७, ५, ३, १. पुढे हेच पुन्हा पुन्हा. १२५ आणि १८७ च्या घरातल्या सगळ्या गेल्या. उरले दोनच रकाने: २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणाऱ्या, आणि २४८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या.

स्विस गणिती ऑयलरने नेमकं हेच केलं. १७७२ मध्ये त्याने गणिती बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात ही संख्या मूळ असल्याचं कळवलं, आणि विभाजक असलाच तर तो या दोनच रकान्यांतला असेल हेही सांगितलं. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता, पासष्टीच्या आसपास होता, आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. ज्याला आकडा डोळ्यांनी दिसत नाही त्याने आकडेमोड आधी कमी करून मग हात घातला, हे मला फार थोर वाटतं.

रकाने आखा

फूलस्केपवर दोन रकाने करा. डावीकडे ३११ पासून दर वेळी २४८ मिळवत ४६१९१ पर्यंत जा. ६३ सोडून द्या, तो ७ × ९. उजवीकडे २४९ पासून ४६१२९ पर्यंत. प्रत्येकी १८६, एकूण ३७२ आकडे.

सुरुवात अशी दिसते.

डावा: ३११, ५५९, ८०७, १०५५, १३०३, १५५१, १७९९, २०४७, २२९५, २५४३, २७९१…

उजवा: २४९, ४९७, ७४५, ९९३, १२४१, १४८९, १७३७, १९८५, २२३३, २४८१, २७२९…

यांतल्या संयुक्त संख्यांना भागाकार करत बसायचं नाही, त्या लाल पेन्सिलीने काटायच्या. डाव्या रकान्यात ३ ने भाग जाणारा पहिला आकडा ८०७. तिथून दर तिसरा आकडा ३ चा. उजव्यात २४९, मग ९९३, १७३७, दर तिसरा. ५ साठी डावीकडे १०५५ आणि मग दर पाचवा, उजवीकडे ७४५ आणि मग दर पाचवा. ७ साठी डावीकडे १७९९, उजवीकडे ४९७, दर सातवा. पहिला सापडला की पुढे नुसतं बोटाने मोजत जायचं. ३१ साठी एकही काटायचा नाही, कारण रकान्यांतल्या सगळ्याच संख्यांची ३१ ने बाकी १ आहे. असं २११ पर्यंतच्या मूळ संख्यांसाठी केलं की रकाने पूर्ण गाळले गेले, कारण ४६३४० चं वर्गमूळ २१५ च्या जवळ येतं. मोठ्या मूळ संख्यांना काटायला जेमतेम एक-दोनच आकडे सापडतात, तिथे काम भराभर होतं.

वरच्या तुकड्यात काय उरलं पाहा: डावीकडे ३११, १३०३, २५४३, २७९१. उजवीकडे १४८९, २७२९. बाकी सगळे लाल. शेवटपर्यंत गेलात की ऐंशीच्या आसपास आकडे शिल्लक राहतात. ४८०० वरून ऐंशी. हे सुट्टीतलं काम झालं.

भागाकार, पण घातांच्या वाटेने

३११ ने सरळ भागलं तर भागाकार ६९०५०९२ आणि बाकी ३५. हे बरोबर आहे, पण मी दुसरी वाट सुचवते, कारण तिच्यात ताळा घेणं सोपं जातं.

१०२४ ला ३११ ने भागा, बाकी ९१. ही २^१० ची बाकी.
९१ × ९१ = ८२८१, बाकी १९५. ही २^२० ची.
१९५ × ९१ = १७७४५, बाकी १८. ही २^३० ची.
दुप्पट ३६. ही २^३१ ची. एक वजा, ३५.

सरळ भागाकाराशी जुळलं. तीन छोटे गुणाकार, आणि प्रत्येक गुणाकार ४६३४० च्या वर्गापेक्षा लहानच राहणार, म्हणजे कॅलक्युलेटरची दहाच्या वर घरं कधी लागणार नाहीत. १३०३ साठी शेवटी बाकी २२६ येते, १४८९ साठी १९९. तुम्ही करा आणि माझ्याशी जुळवून पाहा. प्रत्येक आकड्यासमोर बाकी लिहायची आणि शून्य नसेल तर निळी टिक. नुसती टिक मारू नका, बाकी लिहाच. बाकी लिहिलेली असली की दुसरा माणूस तपासू शकतो.

ही पद्धत खरंच विभाजक पकडते का, अशी शंका कोणालाही यावी. तिची परीक्षा २^२९ − १ = ५३६८७०९११ वर घ्या. इथे पहिली चाळण ५८ ची, आणि ८ ची चाळण लावली की रकाने १७५ आणि २३३ पासून सुरू होऊन २३२ च्या पायरीने जातात. १७५ संयुक्त. पुढचाच आकडा २३३. १०२४ ची २३३ ने बाकी ९२. ९२ चा वर्ग ८४६४, बाकी ७६, ही २^२० ची. २^९ = ५१२ ची बाकी ४६. ७६ × ४६ = ३४९६, आणि २३३ × १५ = ३४९५. बाकी १. म्हणजे २^२९ − १ ला २३३ ने पूर्ण भाग जातो. पहिल्याच झटक्यात संख्या फुटली! तिचे पूर्ण अवयव २३३ × ११०३ × २०८९. आपली ३१ ची संख्या त्याच चाळणीतून शेवटपर्यंत अखंड बाहेर येते.

१५८८ मध्ये इटलीतल्या कातालदीने २^१७ − १ आणि २^१९ − १ या सरळ भागून तपासल्या होत्या. ३१ च्या संख्येपर्यंत पोचायला त्यानंतर दोन शतकं जवळजवळ लागली, आणि ती सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या म्हणून पुढे अनेक दशकं राहिली. १८६७ मध्ये फ्रेंच गणिती लांद्रीने २^५९ − १ फोडून ३२०३४३१७८०३३७ हा तिचा मूळ अवयव काढला.

दुसरी कसोटी: एकोणतीस पायऱ्या

भाग न घालताच निकाल देणारी एक कसोटी आहे. कल्पना फ्रेंच गणिती ल्युकाची, १८७० च्या दशकातली. आज वापरतो ते सुटसुटीत रूप अमेरिकेच्या लेमरने १९३० मध्ये दिलं. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्या. पुन्हा तेच. घात जितका, त्यापेक्षा दोन कमी पायऱ्या. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. घात २ पेक्षा मोठा आणि मूळ असला पाहिजे, एवढीच अट.

२^७ − १ = १२७ वर हात बसवा. ४, मग १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४२, मग १११, मग ०. पाच पायऱ्या, शून्य, १२७ मूळ. आता २०४७ वर नऊ पायऱ्या करा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. कोणाचा भाग जातो ते मात्र ही कसोटी सांगत नाही.

आपल्या संख्येला २९ पायऱ्या. सुरुवात ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथून पुढचा वर्ग अठरा-एकोणीस अंकी होतो आणि कॅलक्युलेटर हात टेकतो. एक्सेलही चालणार नाही, तो पंधरा अंकांपलीकडे शून्यं भरतो आणि बाकी चुकते. कागदावर करायचं असेल तर दोन सोयी सांगते.

पहिली: आकडा अर्ध्याहून मोठा असेल तर त्याऐवजी उरलेला भाग घ्या, वर्गाची बाकी तीच येते. १४१६३१७९५४ ऐवजी ७३११६५६९३. त्याचा वर्ग ५३४६०३२७०६२०१७०२४९, दोन वजा केले की शेवट २४७.

दुसरी: २१४७४८३६४७ ने भागण्याऐवजी २१४७४८३६४८ ने, म्हणजे २^३१ ने भागा आणि भागाकार व बाकी यांची बेरीज घ्या. बेरीज आपल्या संख्येहून मोठी झाली तर तेवढी वजा करा. इथे भागाकार २४८९४४०४७, बाकी ४२०७२६७९१, बेरीज ६६९६७०८३८. हीच पुढची पायरी. द्विमान पद्धतीत हे फक्त डावीकडचे अंक उचलून उजवीकडच्यांत मिळवणं आहे, म्हणून संगणकाला अशा संख्या फार सोप्या जातात.

पुढच्या पायऱ्या पायथॉनसारख्या भाषेत चालवा, तिथे पूर्णांकाला अंकांची मर्यादा नाही. पण शेवटाकडे थांबून बघा. अठ्ठाविसाव्या पायरीला ६५५३६ येतात. आपला दुसऱ्या चाळणीतला ६५५३६! त्याचा वर्ग ४२९४९६७२९६. दोन वजा, ४२९४९६७२९४. आणि तो नेमका २१४७४८३६४७ च्या दुप्पट. बाकी शून्य. ही शेवटची पायरी कॅलक्युलेटरवर स्वतः करा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २^१३६२७९८४१ − १ या मूळ संख्येत ४१०२४३२० अंक आहेत, आणि तिच्यावरही शिक्कामोर्तब याच कसोटीने झालं.

२ ने परीक्षा घेऊ नका

फर्माचा सिद्धान्त उलटा वापरून पटकन अंदाज घ्यायची पद्धत रूढ आहे: २ चा (संख्या वजा १) वा घात काढायचा, बाकी १ आली तर बहुधा मूळ. या जातीच्या संख्यांवर ती निरुपयोगी आहे. २०४७ साठी २^११ लाच बाकी १ येते आणि २०४६ ला ११ ने भाग जातो, म्हणून २०४७ संयुक्त असूनही परीक्षेत पास होते. २ ऐवजी ३ घ्या, २०४७ लगेच पकडली जाते.

संख्येतून एक वजा करून बघा

मूळ संख्येचा स्वभाव तिच्याआधीच्या संख्येत दडलेला असतो. २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. हे फोडायला कष्ट नाहीत: ही २^३० − १ ची दुप्पट, आणि वर तिचे दोन तुकडे केलेच आहेत. ३२७६७ = ७ × ३१ × १५१, ३२७६९ = ३ × ३ × ११ × ३३१.

याचा उपयोग असा. या संख्येने बाक्या घेतल्या तर २ चं चक्र फक्त ३१ पायऱ्यांचं आहे. ७ चं चक्र मात्र पूर्ण २१४७४८३६४६ पायऱ्यांचं: १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा आणि एकदाच येतो. एवढं चक्र कोणी चालून बघत नाही. २१४७४८३६४६ ला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांनी एकेकदा भागायचं, ७ चे तेवढे घात काढायचे, आणि एकाचीही बाकी १ नाही हे पाहायचं. पूर्ण २१४७४८३६४६ व्या घाताची बाकी १ येते हेही पाहायचं. सात-आठ तपासण्यांत चक्र पूर्ण असल्याची खात्री होते, आणि संख्या मूळ असल्याची ही तिसरी, वेगळी सिद्धताही होते.

संगणकात यादृच्छिक भासणारे आकडे तयार करायला हे चक्र वापरलं गेलं. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये सुचवलेला गुणक १६८०७, म्हणजे ७^५. १ पासून सुरू करा, दर वेळी १६८०७ ने गुणा, बाकी घ्या: १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८. गुपितं राखायला हे आकडे चालत नाहीत, एक कळला की पुढचे सगळे कळतात.

परिपूर्ण संख्येचंही इथेच सांगते. ६ चे स्वतःखेरीजचे विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चंही तसंच. युक्लिडची रीत अशी की २^३१ − १ मूळ असेल तर तिला २^३० ने गुणा. २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या. इंग्रज गणिती पीटर बार्लो याने १८११ मध्ये लिहून ठेवलं होतं की याहून मोठी कोणी शोधेल असं वाटत नाही. १८७६ मध्ये ल्युकाने २^१२७ − १ मूळ ठरवली आणि त्याहून फार मोठी मिळाली.

सरावासाठी शेवटचं उदाहरण

३१ ही २^५ − १. आपली संख्या २^३१ − १. मग आपली संख्याच घात म्हणून घेतली तर? २^२१४७४८३६४७ − १ या संख्येत ६४ कोटींहून अधिक अंक आहेत. ती कागदावर लिहायचा विचारही करू नका. पण ती संयुक्त आहे, आणि तिचा एक विभाजक पंधरा अंकी आहे: २९५२५७५२६६२६०३१.

दोन्ही चाळण्या इथे लावा. पहिली: विभाजक वजा १ ला २ × २१४७४८३६४७ = ४२९४९६७२९४ ने भाग गेला पाहिजे. ४२९४९६७२९४ × ६८७४५ करा. बारा घरांत मावणार नाही, तेव्हा ६८००० आणि ७४५ असे तुकडे पाडा, ७४५ चेही ७०० आणि ४५ करा, शून्यं मागाहून लावा आणि बेरजा कागदावर करा. ६८००० ने २९२०५७७७५९९२०००, ७४५ ने ३१९९७५०६३४०३०, बेरीज २९५२५७५२६६२६०३०. बरोबर एक कमी. दुसरी: शेवटचे तीन अंक ०३१, त्यांना ८ ने भागून बाकी ७. चालतं.

चाळणीतून सुटला म्हणजे विभाजक ठरला असं नाही, घाताची बाकी काढावीच लागते. घात २^३१ − १ आहे, म्हणून सोपी वाट आहे. २ घ्या आणि ३१ वेळा वर्ग करत जा, दर वेळी २९५२५७५२६६२६०३१ ने बाकी घेत. शेवटी २^(२^३१) ची बाकी हाती येते, आणि ती २ आली पाहिजे. एकतीस ओळींत हे काम उरकतं. संगणकावर केलंत तरी प्रत्येक ओळीची बाकी छापून घ्या आणि मधली एखादी ओळ नवाच्या आणि अकराच्या ताळ्याने तपासा.